वटपौर्णिमा कधी? इंदूरच्या मराठी घराला गुगल काय सांगतं

इंदूर : २०२५ मध्ये वटसावित्री दोनदा झाली. उत्तरेकडच्या पंचांगाप्रमाणे २६ मे रोजी, ज्येष्ठ अमावास्येला. आणि मराठी घरांत १० जूनला, ज्येष्ठ पौर्णिमेला. श्रावणाचंही तेच. हिंदी पट्ट्यात तो ११ जुलैला लागला आणि पहिला सोमवार १४ जुलैला आला. मराठी पंचांगात श्रावण सुरू झाला २५ जुलैला, पहिला सोमवार पडला २८ जुलैला. कारण जुनंच आहे. उत्तरेत महिना पौर्णिमेला संपतो, महाराष्ट्र-गुजरात-कर्नाटकात अमावास्येला, त्यामुळे वद्य पक्षात दोन्हीकडच्या महिन्यांची नावं जुळत नाहीत. २०२६ मध्ये तर मधे अधिक ज्येष्ठ आल्यामुळे अमावास्येची वटसावित्री १६ मे आणि मराठी वटपौर्णिमा २९ जून, म्हणजे तब्बल ४४ दिवसांचं अंतर.

होळकरांच्या काळापासून माळव्यात राहिलेल्या मराठी कुटुंबांना हा हिशेब पाठ आहे. शेजारच्या घरातला उपवास वेगळ्या दिवशी, आपला वेगळ्या दिवशी, यात कुणाला कधी अडचण वाटली नाही. भिंतीवर कालनिर्णय असे आणि प्रश्न तिथेच मिटे. पण आता तारीख भिंतीवर बघायची सवय सुटत चालली आहे. नव्या सूनबाई मोबाइल काढतात, 'वटसावित्री व्रत २०२६' असं टाकतात, आणि वर जे पान येईल त्यावर विश्वास ठेवतात. त्या चार शब्दांत... खरं तर तीनच आहेत, आणि त्या तिन्हींत मराठी असं काहीच नाही. वटसावित्री, व्रत आणि सालाचा आकडा हे जसंच्या तसं हिंदीतही चालतं. लिपी एकच. शोधणारा फोन मध्य प्रदेशात. गुगल शोधाचे निकाल ठरवताना भाषेची निवड आणि ठिकाण दोन्ही बघतं. अशा वेळी निकाल हिंदीकडे झुकले तर त्यात नवल काय?

इथे एक गोष्ट नीट लक्षात घ्यायला हवी. २६ मे किंवा १६ मे ही तारीख चुकीची नाहीच. ती बरोबर आहे, फक्त वेगळ्या लोकांसाठी. चूक आहे ती पानाची, जे पान आपण कोणासाठी लिहिलं आहे हे सांगतच नाही. आणि हा दोष हिंदी पानांइतकाच मराठी पानांतही भरपूर आहे.

२०११ च्या जनगणनेप्रमाणे देशात मराठी मातृभाषा सांगणारे ८ कोटी ३० लाख लोक होते. त्यातले सुमारे ७ कोटी ७५ लाख महाराष्ट्रात. बाकीचे साडेपंचावन्न लाख महाराष्ट्राबाहेर : बेळगाव, बिदर, निजामाबाद, बडोदा, गोवा, इंदूर, ग्वाल्हेर. 'वेबसाइट सर्चमध्ये वर आणणे' हा विषय निघाला की बहुतेकांना दुकानाची जाहिरात आठवते. या साडेपंचावन्न लाखांसाठी तो विषय थोडा निराळा आहे. त्यांच्या भोवतीचा कागद, पाटी, शाळा आणि रेडिओ दुसऱ्या भाषेत आहे. मराठी त्यांना मिळते ती घरात आणि फोनमध्ये. फोनमध्येही ती सापडेनाशी झाली तर उरलं घर.

इंदूरलाच हे का विचारायचं

कारण या शहराला हे काम येतं. १९९९ मध्ये इथूनच वेबदुनिया सुरू झालं, जे हिंदीतलं पहिलं पोर्टल म्हणून ओळखलं जातं. विनय छजलानी यांनी ते उभं केलं आणि त्यामागे होतं नईदुनिया या इंदूरच्या दैनिकाचं घराणं. नईदुनिया निघालं १९४७ मध्ये. त्याचे दीर्घकाळचे संपादक राहुल बारपुते, मराठी माणूस. हिंदी पत्रकारितेची एक अख्खी पिढी त्यांच्या हाताखाली घडली आणि संध्याकाळी हेच गृहस्थ मराठी नाटकात रमलेले असत. इंदूरमध्ये दोन भाषा अशाच नांदल्या. पुढे वेबदुनियाची मराठी आवृत्तीही आली : राशिभविष्य, पाककृती, सणवार, बातम्या. म्हणजे पुण्या-मुंबईत बसलेला वाचक एखादी आरती किंवा पुरणपोळीची कृती वाचतो तेव्हा ते पान इंदूरच्या कंपनीचं असू शकतं, हे फारसं कुणाच्या लक्षात येत नाही.

शहराचं मराठीपण काही उसनं नाही. अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन इथे तीनदा भरलं : १९१७, १९३५ आणि २००१. शेवटच्या वेळी अध्यक्ष होत्या विजया राजाध्यक्ष. आणि आज सुपर कॉरिडॉरवर टीसीएस आणि इन्फोसिसची आवारं आहेत, शहरभर वेबसाइट बनवून देणाऱ्या लहान-मोठ्या कंपन्या आहेत. भाषा आहे, कारागीर आहेत. तरी मराठी पान हरवतं, तर ते का, हे इथे बघण्यासारखं आहे.

फाँटचा जुना घोळ

सुरुवातीच्या काळात, म्हणजे नव्वदीच्या शेवटी आणि त्यानंतरची काही वर्षं, भारतीय भाषांतल्या बहुतेक वेबसाइट स्वतःच्या फाँटवर चालत. पडद्यावर देवनागरी दिसायची, पण संगणकाच्या पोटात इंग्रजी अक्षरं साठवलेली असायची. कृतिदेव फाँटमध्ये इंग्रजी 'डी' दाबलं की 'क' उमटतो. यंत्राच्या लेखी तो 'डी'च. वाचकाकडे तोच फाँट नसेल तर त्याला अगम्य अक्षरांची रांग दिसे. सर्च इंजिनाला तर कायमच तीच रांग दिसे. हजारो पानं लिहिली गेली आणि एकही शोधात सापडण्याजोगं नव्हतं. लेखकांनी मेहनत कमी केली असं नव्हे, पण गोदामाला दारच नव्हतं.

युनिकोडने दार केलं. १९९१ च्या पहिल्या आवृत्तीपासून देवनागरीला त्यात जागा होती, पण ती घरोघरी पोचायला विंडोज २००० आणि एक्सपी यावं लागलं. त्यात जो 'मंगल' फाँट आला तो मराठी सुलेखनकार र. कृ. जोशी यांनी केलेला. कित्येक वर्षं देशभरची हिंदी आणि मराठी पडद्यावर त्यांच्याच हाताच्या वळणाने दिसत होती.

हा इतिहास सांगायचं कारण, तो अजून संपलेला नाही. अनेक संस्थांच्या साइटवर आजही जुन्या फाँटमधल्या पीडीएफ आहेत. त्यातला मजकूर कॉपी करून बघावा, कचरा हाती येतो. आणि युनिकोडमध्ये लिहिलेल्या मराठीतही काही खास गाठी आहेत, ज्या हिंदीला नाहीत म्हणून हिंदीसाठी बनलेल्या साधनांना त्या माहीतच नाहीत.

'दुसऱ्या' हा शब्द घ्या. त्यातला अर्धा र दोन पद्धतींनी टाईप होतो. एकात नुक्त्याच्या ऱ चं वेगळं अक्षर वापरतात, दुसऱ्यात साध्या र ला न दिसणारं जोडचिन्ह लावतात. डोळ्यांना दोन्ही सारखे. पण साइटवरची साधी शोधपेटी त्यांना दोन वेगळे शब्द धरते. 'शेतकऱ्यांना' शोधलं आणि अर्ध्याच बातम्या आल्या, असं होतं त्याचं कारण हे. हिंदी कीबोर्डवर ऱ पटकन हाताला लागत नाही, मग तिसराच प्रकार होतो, रफार चढून 'दुसर्या' उमटतं. 'ॲप' मधल्या ॲ चं तसंच : त्याला युनिकोडमध्ये स्वतंत्र जागा मिळाली २००८ मध्ये, ५.१ आवृत्तीत. त्याआधीचे लोक अ ला चंद्र जोडत आले, आणि सवयीने अजून जोडतात. इलाज अवघड नाही. मजकूर साठवताना आणि शोधताना दोन्ही रूपं एका रूपात आणून घ्यायची, बस्स. पण त्यासाठी साइट बनवणाऱ्याला मराठीची ही खोड माहीत असायला हवी. इंदूरमध्ये असा माणूस शोधायला लांब जावं लागणार नाही.

साचा इंग्रजीचा, मजकूर मराठीचा

बहुतेक मराठी साइट तयार साच्यावर उभ्या राहतात आणि साचा इंग्रजी अक्षरं धरून आखलेला असतो. इंग्रजीत मात्रा नसतात. दोन ओळींतलं अंतर इंग्रजीच्या मापाने ठेवलं की वरच्या ओळीचे उकार खालच्या ओळीच्या वेलांट्यांत अडकतात. अक्षरं थोडी लांब-लांब ठेवायची इंग्रजी मथळ्यांची फॅशन देवनागरीला लावली की शिरोरेघ तुटते आणि शब्द दातांच्या फणीसारखा दिसतो. परिच्छेदाचं पहिलं अक्षर मोठं करायचा साचा असेल तर 'प्रश्न' मधला 'प्र' फुटण्याचीही शक्यता. मथळा ठरावीक अक्षरांवर कापला तर शेवटच्या अक्षराची मात्रा उडते. फिकट राखाडी अक्षरं पांढऱ्यावर ठेवणं हे सगळ्याच भाषांतलं पाप, पण जोडाक्षरांच्या बारीक रेघांत ते जास्त टोचतं. सुगम्यतेच्या जागतिक निकषांत नेहमीच्या मजकुरासाठी अक्षर आणि पार्श्वभूमी यांच्यात किमान साडेचारास एक एवढा फरक मागितला आहे. उन्हात, जुन्या फोनवर, चाळिशीनंतरच्या डोळ्यांना तोही कमीच वाटतो.

त्याच साच्यात एक ओळ असते, पान कोणत्या भाषेत आहे हे ब्राउझरला सांगणारी. बहुतेक ठिकाणी ती इंग्रजीच राहून जाते, किंवा हिंदी. तिथे मराठीची खूण असली की काही फाँट आपोआप मराठी वळणाचा ल आणि श काढतात. अंध वाचकाचा स्क्रीन रीडर मराठी आवाज निवडतो, नाहीतर तो बिचारा मराठी मजकूर इंग्रजी किंवा हिंदी उच्चारात वाचत सुटतो. मात्र ही खूण लावली म्हणजे शोधात वर आलो असं समजू नये. गुगलचं म्हणणं स्पष्ट आहे : पानाची भाषा ते मजकुरावरूनच ओळखतात, या खुणेवरून नाही.

म्हणून मथळ्याला महत्त्व येतं. 'वटसावित्री व्रत : पूजा विधी, मुहूर्त, महत्त्व' या मथळ्यात मराठी काय आहे? एकही शब्द असा नाही जो हिंदी पानावर चालणार नाही. त्याऐवजी 'वटपौर्णिमा २०२६ कधी आहे? मराठी पंचांगानुसार २९ जून' असं लिहिलं तर वाचकालाही कळतं आणि यंत्रालाही. 'आहे', 'कधी', 'मराठी' हे शब्द भाषा ठरवतात, तारीख प्रश्न मिटवते. पहिल्या दोन ओळींत उत्तर, त्याखाली उत्तरेकडची तारीख वेगळी का याची एक ओळ, मग हवी तेवढी कथा आणि आरती. हिंदी-मराठी दोन्ही आवृत्त्या चालवणाऱ्या पोर्टलांना दोन पानं एकमेकांची भाषांतरं आहेत असं सांगणारी खूणही लावता येते. अट एकच, दोन्ही पानांनी एकमेकांकडे बोट दाखवायचं. एकानेच दाखवलं तर गुगल ते धरत नाही. पण सणांच्या पानांवर ही खूण लावण्याआधी विचार करावा. १६ मे सांगणारं पान आणि २९ जून सांगणारं पान ही भाषांतरं नव्हेतच. हिंदी पान समोर ठेवून मराठीत उतरवणाऱ्याने तारीख तशीच उतरवली तर शुद्ध मराठीत चुकीचा उपवास घडतो.

एका गावाची दोन नावं

मराठीत इंदूर, हिंदीत इंदौर. मराठी माणूस बोलताना इंदूर म्हणतो आणि फोनवर कधी इंदूर, कधी इंदौर, तर बरेचदा रोमन अक्षरांत टाकतो. त्यात भर म्हणजे इंदूर हे निजामाबादचंही जुनं नाव आहे. नांदेडला लागून असलेल्या तेलंगणातल्या त्या जिल्ह्यातल्या मराठी माणसाला 'इंदूर' म्हटलं की राजवाडा आणि सराफा आठवेलच असं नाही.

सीमाभागाला हे दुखणं जास्त ओळखीचं. कर्नाटक सरकारने १ नोव्हेंबर २०१४ पासून बेळगावचं अधिकृत नाव बदलून बेळगावी केलं. मराठी वाचक 'बेळगाव'च शोधतो. सरकारी पानांवर, रेल्वेच्या वेळापत्रकात, नकाशात नवं नाव. मराठी साइटने काय करावं, हा प्रश्न अस्मितेचा आहेच, पण व्यवहाराचाही आहे. मथळ्यात लोकांचं नाव, मजकुरात पहिल्या उल्लेखाला दोन्ही, एवढं पुरतं. अहमदनगर-अहिल्यानगर, औरंगाबाद-छत्रपती संभाजीनगर यांनाही हाच न्याय. नावांची यादी पानाच्या तळाशी कोंबून ठेवायची मात्र सोय नाही. शहरांच्या नावांचे असे ढीग गुगलच्या नियमात सरळ स्पॅम म्हणून धरले आहेत.

याच नियमात आणखी एक प्रकार बसतो, ज्यावर कित्येक एजन्सींचं पोट चालतं. 'इंदूरमधील सर्वोत्तम विवाह मंडळ', 'देवासमधील सर्वोत्तम विवाह मंडळ', 'उज्जैनमधील सर्वोत्तम विवाह मंडळ' अशी एकाच मजकुराची वीस पानं, फक्त गावाचं नाव बदललेलं. काही महिने चालतं, मग साइटच खाली जाते. तोवर एजन्सीचे पैसे पोचलेले असतात. पहिल्या क्रमांकाची हमी कोणीही देऊ शकत नाही, असं गुगलनेच लिहून ठेवलं आहे. तरी अशी हमी विकली जाते आणि विकत घेतली जाते. मंडळाच्या कार्यकारिणीत या विषयातलं जाणणारा एखादा तरुण असला तरी हे पैसे वाचतील.

जड पान, हलका खिसा

गुगलने मोबाइलवरचं पान हेच मूळ पान धरायची घोषणा २०१६ मध्ये केली आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये ते काम पूर्ण झाल्याचं जाहीर केलं. म्हणजे ऑफिसातल्या मोठ्या पडद्यावर साइट किती देखणी दिसते याला शोधात किंमत नाही. मोजमापं तीन आहेत. पानातला मुख्य भाग अडीच सेकंदांत दिसावा. बोट लावल्यावर ०.२ सेकंदाच्या आत पानाने हालचाल करावी, हे माप मार्च २०२४ मध्ये जुन्या मापाच्या जागी आलं. आणि वाचता वाचता मजकूर उड्या मारू नये. शेवटचं माप सगळ्यात माणसाळलेलं आहे. 'पुढे वाचा'वर बोट ठेवायला जावं आणि नेमकी तिथे जाहिरात येऊन बसावी, हा अनुभव मराठी बातम्या वाचणाऱ्या प्रत्येकाला आहे.

मराठी पोर्टलांची अडचणही खरी आहे. गुगलच्या जाहिरात सेवेत मराठीला जागा मिळाली ती २०१८ मध्ये, हिंदीनंतर चार वर्षांनी, आणि मराठी पानाला मिळणारा भाव कमी. मग एका पानावर जास्त जाहिराती, जास्त खिडक्या, जास्त 'जाणून घ्या'. वाचक पळतो, म्हणून उत्पन्न घटतं, म्हणून आणखी जाहिराती. मोबाइलवर मजकूर झाकणाऱ्या खिडक्यांना गुगलने जानेवारी २०१७ पासून तोट्यात धरलं आहे, तरी त्या आहेत. उपवासाची तारीख सहाशे शब्दांखाली दडवायची आणि तिथपर्यंत वाचकाला सात जाहिरातींतून न्यायचं, हा व्यवसाय म्हणून समजू शकतो. पण तारीख पहिल्या ओळीत देणारं एखादं यंत्र शेजारी येऊन बसलं की तो धंदा बुडालाच. आणि ते आलेलं आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये गुगलने भारतात यंत्राने लिहिलेली उत्तरं शोधाच्या वर दाखवायला सुरुवात केली, तेव्हा इंग्रजीबरोबर हिंदी होती, मराठी नव्हती. इंदूरच्या घरासाठी हा क्रम महत्त्वाचा आहे. वरचं उत्तर हिंदी पानांवर बेतलेलं असेल तर त्यातली तारीखही तिथलीच असणार.

लिंकचाही एक बारीक त्रास आहे. पानाचा पत्ता देवनागरीत ठेवला तर ब्राउझरात छान दिसतो, पण पुष्कळदा व्हॉट्सॲपवर चिकटवला की टक्क्यांच्या चिन्हांची साखळी होते. देवनागरीतलं प्रत्येक चिन्ह तिथे नऊ अक्षरं घेतं. 'इंदूर' या पाच चिन्हांच्या शब्दाचे ४५ होतात. दहा शब्दांच्या मथळ्याचं काय होत असेल ते सांगायला नको. आजी-आजोबा अशी लिंक बघून 'व्हायरस असेल' म्हणून सोडून देतात, आणि त्यांचं चुकत नाही. रोमन अक्षरांतला छोटा पत्ता इथे सोयीचा. ऑगस्ट २०१४ मध्ये देवनागरीतलं 'डॉट भारत' आलं, त्यात मराठी आणि कोकणीसह आठ भाषा होत्या, पण ते व्यवहारात फारसं रुळलं नाही, याला ही साखळीही थोडी कारण असावी.

मंडळाची पत्रिका, सरकारची नोटीस

मोठ्या पोर्टलांचं त्यांचे ते बघतील. खरी गळती आहे ती लहान संस्थांकडे. महाराष्ट्राबाहेरच्या मराठी मंडळाचा कार्यक्रम ठरतो, सुंदर रंगीत पत्रिका बनते, ती चित्र म्हणून ग्रुपवर फिरते आणि फेसबुकवर चढते. चित्रातला मजकूर तिथे शोधात येईल याची काही शाश्वती नाही. शहरात नवीन आलेला, कोणत्याच ग्रुपवर नसलेला मराठी माणूस 'इंदूर मराठी कार्यक्रम' शोधतो आणि हाती काही लागत नाही. ज्यांना आधीच माहीत आहे त्यांनाच ती पत्रिका पोचते. इथे कोणतंही मोठं तंत्र लागत नाही. एक साधं पान, त्यावर अक्षरांत लिहिलेलं नाव, तारीख, वेळ, सभागृह आणि जवळची खूण. दाबलं की फोन लागेल असा नंबर. चित्र टाकलंच तर त्यात काय आहे हे सांगणारी एक ओळ. कार्यक्रमाची माहिती यंत्राला कळेल अशा ठरलेल्या साच्यात भरली तर ती कार्यक्रमांच्या यादीत येण्याची शक्यता वाढते. मागच्या वर्षीचं पान पुसून नवं करण्यापेक्षा त्याच पत्त्यावर नवी तारीख टाकलेली बरी, जुनी ओळख टिकते.

बोलून शोधणाऱ्यांचाही विचार हवा. ऑगस्ट २०१७ पासून गुगलला मराठीत बोललेलं कळतं. माणूस टाईप करताना 'इंदूर पुणे बस' लिहितो, बोलताना 'इंदूरहून पुण्याला रात्रीची गाडी किती वाजता आहे' असं पूर्ण विचारतो. पानावर तोच प्रश्न तशाच बोलीत उपमथळा म्हणून असला तर गाठ पडते.

सरकारी पानांची गोष्ट वेगळी, तिथे सोयीबरोबर हक्काचाही मुद्दा आहे. ३० एप्रिल २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने डिजिटल सेवांपर्यंत पोचणं हे घटनेच्या कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, असं म्हटलं. ॲसिड हल्ल्यातून वाचलेल्या आणि अंध अर्जदारांना ऑनलाइन ओळख पटवण्यात येणाऱ्या अडथळ्यांवरून हे प्रकरण उभं राहिलं होतं. भाषेचा प्रश्न त्यात नव्हता. पण ज्या भागात भाषिक अल्पसंख्याकांचं प्रमाण १५ टक्के किंवा अधिक आहे तिथे महत्त्वाचे नियम, नोटिसा त्यांच्या भाषेत द्याव्यात, हा भाषिक अल्पसंख्याकांसाठीचा निकष जुनाच आहे आणि बेळगावची मराठी परिपत्रकांची मागणी त्यावरच उभी आहे. तो निकष कागदाच्या काळात ठरला. आज नोटीस भिंतीवर कमी आणि संकेतस्थळावर जास्त लागते, त्यामुळे मागणी करणाऱ्यांनी कागदाबरोबर पानही मागायला हवं. आणि ते मागताना स्कॅन केलेली पीडीएफ नको, शोधता येणारा मजकूर हवा, असं स्पष्ट लिहून द्यायला हवं. नाहीतर मराठी नोटीस मिळेल, अपलोड होईल, आणि कुणालाही सापडणार नाही.

इंदूर-ग्वाल्हेरपासून बेळगाव-बिदरपर्यंतच्या जुन्या संस्थांच्या कपाटांत स्मरणिका, हस्तलिखितं, अहवाल पडून आहेत. ते स्कॅन करण्याची हौस सध्या सगळीकडे आहे आणि ती चांगलीच आहे. फक्त स्कॅन म्हणजे फोटो. त्यातून अक्षरं काढून देणारी साधनं आता मराठीत चालतात, काही फुकटही आहेत, पण जुनी छपाई आणि तुटके खिळे यांत ती ळ चा ल करतात, र्‍या चा घोळ घालतात. ते वाचून दुरुस्त करायला मराठी वाचता येणारा माणूसच लागतो. निवृत्त शिक्षक हे काम दिवसाला पाच-दहा पानं या गतीने करू शकतात. साइट बनवणाऱ्याला फक्त ते मजकूर म्हणून, चित्राखाली किंवा चित्राशेजारी, ठेवायला सांगावं लागेल.